उन्नीस-बीस

लाल रंगाचं काहीतरी अंगात घाला. स्वेटर असेल तर उत्तम, नोव्हेंबर उतरणीला लागलाय. निळं-सोनेरी काही असेल तर घरीच राहू द्या. आज ते प्रतिस्पर्ध्याचे रंग आहेत. तारीख २० नोव्हेंबर १९८२, वार शनिवार. गाव बर्कली, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्वेकडचं. तुम्ही मात्र पलीकडचे, पालो अल्टोला खेटून असलेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे. तिथे शिकलात, तिथल्या फुटबॉल संघात जीव अडकला आणि आज त्या संघामागोमाग परमुलखात आला आहात.

या काळयंत्रातल्या प्रवासाच्या अटी दोनच. शेवटी काय होणार ते तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे, आणि तुम्हाला काहीही बदलता येणार नाही. मूळच्या १९८२ मध्येही तुम्ही इथेच होतात, याच बाकावर. पण तेव्हा तुम्ही शेवटचे चार सेकंद पाहिलेच नव्हते. ते बघायला पुन्हा आला आहात.

विद्यापीठाच्या आवारातून चढण चढत जा. डोंगराच्या कुशीत बसवलेलं ते गोल, राखाडी बांधकाम म्हणजे मेमोरियल स्टेडियम. बांधलं १९२३ साली, आणि बांधलं तेही थेट हेवर्ड भूभ्रंशावर. म्हणजे मैदानाखालून जमिनीची भेग जाते, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती वर्षागणिक केसभर एकमेकींपासून सरकतात. वर टेकडीवर माणसं बसली आहेत ना, ती बिनतिकिटाची. त्या टेकडीला इथे ‘टाइटवॉड हिल’, म्हणजे चिक्कूंची टेकडी म्हणतात. तिथेच एक तोफ ठेवलेली आहे. बर्कलीच्या संघाने गुण मिळवला की ती उडते. तिचा आवाज लक्षात ठेवा.

आत पाऊण लाख माणसं आहेत. तुमच्याकडचा लाल पट्टा त्या निळ्या समुद्रात चिमूटभरच.

शेजारी एक म्हातारबाबा बसलेत, लाल टोपीवाले. ते तुम्हाला विचारतात, “पहिल्यांदाच आलास का रे बर्कलीला?” तुम्ही काय सांगणार? हसून मान हलवा आणि त्यांनी पुढे केलेले शेंगदाणे घ्या. आजचा सामना या दोन विद्यापीठांमधला पंच्याऐंशीवा. पहिला झाला १८९२ मध्ये, स्टॅनफर्डचे दरवाजे उघडून वर्षही झालं नव्हतं तेव्हा. बर्कलीचं विद्यापीठ सरकारी, स्टॅनफर्डचं रेल्वेसम्राट लेलंड स्टॅनफर्ड यांच्या पैशातून उभं राहिलेलं. सरकारी पोरं विरुद्ध श्रीमंतांची पोरं, हे भांडण तेव्हापासूनचं. या सामन्याला दुसरं नावच नाही, नुसतं ‘द बिग गेम’.

आणि बक्षीस म्हणाल तर एक कुऱ्हाड. १८९९ मध्ये स्टॅनफर्डच्या मुलांनी ती एका बेसबॉल सामन्याला मिरवत नेली, बर्कलीच्या मुलांनी ती तिथूनच पळवली आणि पुढे एकतीस वर्षं दाबून ठेवली. १९३० साली स्टॅनफर्डच्या एकवीस जणांनी ती परत पळवून आणली. शेवटी दोन्हीकडच्या थोरामोठ्यांनी कंटाळून १९३३ पासून ठरवलं, की जो बिग गेम जिंकेल त्याच्याकडे वर्षभर कुऱ्हाड. पात्याखालच्या लाकडी फळीवर आजवरच्या सगळ्या सामन्यांचे गुण नोंदलेले असतात. त्या फळीकडे आपण नंतर येऊ.

खेळाचं थोडं समजून घ्या, नाहीतर पुढची गंमत हातची जाईल. शंभर यार्डांचं मैदान, लांबट चेंडू, अकरा-अकरा खेळाडू. चार डावांत, म्हणजे चार ‘डाउन’मध्ये, दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर नवे चार डाउन, नाही तर चेंडू समोरच्यांचा. चेंडू घेऊन पलीकडच्या टोकाला पोचलात की टचडाउन, सहा गुण; वर लाथेने एक किंवा आणखी एका डावात दोन गुण घ्यायची संधी. लाथेने खांबांमधून उडवलात की फील्ड गोल, तीन गुण. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याचा गुडघा जमिनीला टेकला की तो डाव संपला. एका डावात चेंडू पुढे फेकता येतो तो एकदाच, आणि तोही ठरावीक रेषेमागून. मागे किंवा आडवा मात्र कितीही वेळा फेका, कुणीही फेका, कुणी अडवणार नाही. फारसं कुणी तसं करत नाही, कारण मागे फेकलेला चेंडू निसटला तर पंचाईत. पण नियमात ते बसतं.

मैदानावर लाल-पांढऱ्यातला सात नंबर पाहा. जॉन एल्वे, वय बावीस, क्वार्टरबॅक. संघाचा सगळा खेळ याच्या हातातून निघतो. काही महिन्यांत व्यावसायिक संघांच्या निवडीत सगळ्यात पहिलं नाव याचंच पुकारलं जाणार आहे, आणि पुढे हा दोनदा सुपर बोल जिंकणार आहे. म्हातारबाबांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना एवढंच कळतं, की चार वर्षं हा पोरगा इथे राबला आणि त्याच्या नशिबी हंगामाअखेरचा एकही ‘बोल’ सामना आला नाही. या हंगामात त्याच्या संघाने ओहायो स्टेटला तिच्या घरी जाऊन हरवलं, वॉशिंग्टनसारख्या अव्वल संघाला लोळवलं, आणि त्याच हंगामात सॅन होजे स्टेटकडून मार खाल्ला, जिथे खुद्द एल्वेचे वडील प्रशिक्षक होते. पाच विजय, पाच पराभव. आजचा सामना जिंकला तर अलाबामातल्या ‘हॉल ऑफ फेम बोल’चं आमंत्रण जवळजवळ हातात. हरला तर कॉलेजचं खातं इथेच बंद.

समोर बर्कलीचे प्रशिक्षक जो कॅप. याच विद्यापीठाचे जुने क्वार्टरबॅक, प्रशिक्षक म्हणून पहिलंच वर्ष. सरावात हे आपल्या पोरांना एक खेळ खेळायला लावतात: चेंडू घेऊन पळायचं, कुणी धरलं की मागच्याकडे टाकायचा, तो धरला गेला की त्याने आणखी मागे. कवायतीपेक्षा धुडगूसच जास्त. स्टॅनफर्डवाल्यांना या धुडगुसाची कल्पना असायचं कारण नाही.

पहिला अर्धा भाग झटपट उरकू. बर्कली १०, स्टॅनफर्ड शून्य. एल्वेला सूर सापडत नाही, बर्कलीच्या मॅरिएट फोर्डने एक टचडाउन केलाय, तोफ दोनदा उडाली आहे. म्हातारबाबा टोपी काढून डोकं खाजवतात. हा शून्य तुमच्या खिशात ठेवा. पुढे कामाला येईल.

मध्यंतरानंतर एल्वे जागा होतो. दोन टचडाउन, दोन्ही व्हिन्सेंट व्हाइटला दिलेल्या पासवर. १४–१०. मग बर्कलीचा फील्ड गोल, १४–१३. मग बर्कलीचा टचडाउन, १९–१४, आणि वरचे दोन गुण घेण्याचा त्यांचा प्रयत्न फसतो. मग मार्क हार्मन स्टॅनफर्डसाठी फील्ड गोल मारतो, १९–१७. घड्याळ शेवटच्या मिनिटांत आलंय. स्टॅनफर्डकडे चेंडू आहे, पण स्वतःच्याच तेरा यार्डांच्या रेषेवर. चौथा डाउन, आणि हवेत सतरा यार्ड. निळा समुद्र उभा राहून ओरडतोय. अशा जागी शंभरातले नव्वद संघ संपतात.

एल्वे चेंडू घेतो, मागे सरकतो आणि मधोमध असा काही फेकतो, की एमिल हॅरीच्या हातात तो रपकन बसतो. एकोणतीस यार्ड. तुमच्या भोवतीचा लाल पट्टा एका दमात हवेत उडतो. आणखी काही डाव, आणि चेंडू बर्कलीच्या १८ यार्डांवर. हार्मनच्या पायाच्या टप्प्यात.

आता घड्याळाकडे बघा. सेकंद पळताहेत. चौदा, बारा, दहा. आठ असताना स्टॅनफर्ड टाइमआउट घेतो.

पहिल्या वेळी तुम्हाला यात काही वावगं दिसलं नव्हतं. आज पोटात गोळा येतो. एका किकला साधारण चार सेकंद लागतात. आणखी चार सेकंद थांबले असते तर किक संपता संपता घड्याळही संपलं असतं. सामना तिथेच आटोपला असता. पण कुणालाच आता धोका नको आहे. हाताशी थोडा वेळ असलेला बरा, असा तो हिशेब. विजय इतका जवळ आलाय, की त्याला धक्का लागू नये म्हणून सगळे जपून वागू लागलेत.

हार्मन धावत येतो. पस्तीस यार्डांवरून चेंडू खांबांमधून सरळ. स्टॅनफर्ड २०, बर्कली १९. चार सेकंद बाकी.

इथे तुम्ही काय केलंत ते आठवतंय? म्हातारबाबांना मिठी मारलीत. त्यांची टोपी खाली पडली, ती शोधायला दोघेही वाकलात. आज वाकू नका, नजर मैदानावरून हलवू नका. स्टॅनफर्डचे खेळाडू बाजूच्या रेषेवरून आत धावलेत, एकमेकांच्या अंगावर उड्या मारताहेत. एक पिवळा रुमाल हवेत उडालाय. अतिउत्साही जल्लोषाबद्दल दंड, पंधरा यार्ड. म्हणजे गुणांनंतर चेंडू समोरच्यांकडे लाथाडायचा तो किकऑफ स्टॅनफर्डला ४० यार्डांवरून नव्हे, २५ वरून मारावा लागेल. बर्कलीला पंधरा यार्ड फुकट मिळाले. पण चार सेकंदांत पंधरा यार्ड घेऊन कुणी काय करणार? म्हातारबाबा हेच म्हणताहेत. मैदानाच्या त्या टोकाला स्टॅनफर्डचा बँड उभा आहे. लाल कोट, डोक्यावर चित्रविचित्र टोप्या, रांगेत चालायचा जन्मजात कंटाळा असलेला हा बँड. एकेक जण पुढे सरकतोय. रेडिओवर बर्कलीचा समालोचक जो स्टार्की श्रोत्यांना सांगून मोकळा झालाय, की स्टॅनफर्ड जिंकल्यात जमा आहे.

बर्कलीच्या खेळाडूंच्या घोळक्यात या क्षणी रिचर्ड रॉजर्स सगळ्यांना बजावतोय, की चेंडू घेऊन पडायचं नाही, धरले गेलात तर मागच्याकडे टाका.

किक. हार्मन चेंडू मुद्दाम खाली, जमिनीवरून उसळता मारतो, समोरच्याला मोकळी धाव मिळू नये म्हणून. हाही जपून घेतलेला निर्णय. बर्कलीच्या अर्ध्यात, मध्यरेषेपासून फार लांब नाही अशा जागी केव्हिन मोएन तो उचलतो. समोर लाल भिंत. तो डावीकडे रॉजर्सकडे टाकतो. रॉजर्सला पळायला जागाच नाही. तो ड्वाइट गार्नरकडे टाकतो. गार्नर सरळ पाच-सहा लाल अंगांच्या ढिगात घुसतो आणि दिसेनासा होतो.

तुम्ही त्याच्या गुडघ्याकडे बघा. याचसाठी तर एवढा प्रवास केलात.

दिसत नाही. माणसांचे पाय, हात, शिरस्त्राणं आणि मध्ये कुठेतरी एक निळा सदरा खाली जातोय. टेकला? कबड्डीत सहा जणांखाली दबलेल्या चढाईवीराचं बोट मध्यरेषेला लागलं की नाही यावरून दोन गल्ल्या वर्षभर भांडतात, तसा हा गुडघा. लाल पट्ट्यातल्या प्रत्येकाने तो जमिनीला टेकलेला पाहिलाय, निळ्या समुद्रातल्या एकानेही नाही. शिट्टी वाजत नाही. आणि त्या ढिगातून, पडता पडता, चेंडू मागे येतो. पुन्हा रॉजर्सच्या हातात.

गार्नर आडवा झाला एवढंच पाहून स्टॅनफर्डच्या बाजूला उभे असलेले राखीव खेळाडू मैदानात धावलेत. सामना संपला असं त्यांना वाटतंय. बँड तर केव्हाच वीस यार्डांपर्यंत आत आलाय, वाजवतोय, नाचतोय. रॉजर्स या जत्रेच्या कडेने पळतो आणि फोर्डकडे टाकतो. हाच तो फोर्ड, पहिल्या अर्ध्यातल्या टचडाउनचा. फोर्ड पंचवीस यार्डांच्या आसपास येतो, समोर तीन लाल सदरे. तो अंग झोकून त्या तिघांवर आदळतो आणि आदळता आदळता मान न वळवता चेंडू खांद्यावरून मागे भिरकावतो. मागे कोण आहे हे त्याने पाहिलेलं नाही. मागे मोएन आहे. चेंडू जिथून निघाला होता तिथेच परत आला.

आता मोएनच्या समोर स्टॅनफर्डचा एकही खेळाडू नाही. आहे तो बँड. सॅक्सोफोनवाली मुलं, झांजवाली मुलं, ढोलवाले, सगळे इकडेतिकडे पळताहेत, आणि मोएन त्यांच्यातून वाट काढत सुसाट. शेवटच्या रेषेपलीकडे पोचून तो आनंदाने उंच उडी मारतो आणि खाली येतो तो थेट एका ट्रॉम्बोनवाल्याच्या अंगावर. तो वादक गॅरी टायरेल. त्याची पाठ मैदानाकडे होती. आपल्यावर काय कोसळलं हे कळायच्या आत तो भुईसपाट झालाय. त्याचा तो पोचलेला ट्रॉम्बोन पुढे कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये मांडून ठेवला जाणार आहे. रेडिओवर स्टार्कीचा आवाज फाटलाय; बँड मैदानात घुसलाय, हे तो जिवाच्या आकांताने सांगतोय.

तुमच्या आसपास अजून जल्लोष चाललाय. बऱ्याच जणांना काही कळलेलंच नाही. म्हातारबाबा टोपी झटकून पुन्हा डोक्यावर ठेवताहेत. तुम्ही एकटेच गप्प.

मैदानात पिवळे रुमाल पडलेत. कुणीतरी ओरडतं, “फ्लॅग आहे, फ्लॅग आहे!” आणि लाल पट्टा त्या रुमालांना देवासारखा हात जोडतो. तुम्हाला माहीत आहे, ते रुमाल स्टॅनफर्डविरुद्धचे आहेत, नको तितकी माणसं मैदानात आणल्याबद्दलचे. मुख्य पंच चार्ल्स मॉफेट सहकाऱ्यांना गोळा करतात. डाव थांबवणारी शिट्टी कुणी वाजवली का? नाही. एखादा पास पुढे गेला का? कुणी म्हणत नाही. १९८२ मध्ये पंचांना टीव्हीवर पुन्हा पाहून ठरवायची सोय नाही. जे डोळ्यांनी दिसलं तेच खरं. मॉफेट घोळक्यातून बाहेर येतात आणि दोन्ही हात वर करतात.

टेकडीवरची तोफ उडते.

बर्कली २५, स्टॅनफर्ड २०.

परतीचा रस्ता लांब आहे, तेव्हा तुमच्या डोक्यात काय चाललंय ते बघू. खरं तर यंत्रात बसून इथे यायची तुम्हाला गरजच नव्हती. अटीतटीचा सामना हरलेला चाहता असाही याच दोन अटींवर जगतो. शेवट ठाऊक असतो, बदलता काहीच येत नाही, आणि तरी तो पुन्हा पुन्हा त्या घड्याळापाशी जातो. आठ सेकंदांऐवजी चार सेकंदांना टाइमआउट घेतला असता तर. जल्लोषाचा दंड झाला नसता तर. हार्मनने उंच मारला असता तर. गार्नर पडलाय हे पंचांनी मान्य केलं असतं तर. फोर्डचा तो आंधळा पास एक वीत पुढे गेलेला कुणाला दिसला असता तर.

चाळीस गुणांनी हरणाऱ्याला हा छळ नसतो. त्याला बदलायला काही सापडतच नाही. तो घरी जाऊन जेवतो आणि झोपतो. थोडक्यात हरणाऱ्याच्या हाती मात्र पन्नास सुटे धागे लागतात, आणि प्रत्येक ओढून बघण्यात आयुष्य जातं. गंमत अशी, की हे सगळे धागे शेवटच्या आठ सेकंदांतले. खिशातला तो पहिल्या अर्ध्याचा शून्य बाहेर काढा. तीस मिनिटांत स्टॅनफर्डला एक गुण मिळवता आला नाही. तिथे एक साधा फील्ड गोल झाला असता तर शेवटच्या किकची, त्या दंडाची, त्या गुडघ्याची कुणाला आठवणही राहिली नसती. पण त्या शून्यावर कुणी रात्र जागवत नाही. स्टॅनफर्डच्या दारूच्या गुत्त्यांत आणि जेवणाच्या टेबलांवर चाळीस वर्षं वाद चालू आहे तो गार्नरच्या गुडघ्याचा. एल्वेनेही त्या संध्याकाळी राग काढला तो पंचांवर.

आता त्या धाग्यांकडे नीट बघा. पहिल्या वेळी टोपी शोधायला वाकल्यामुळे जे दिसलं नव्हतं, ते आज दिसलंय. टाइमआउटची घाई, जल्लोषाचा दंड, सावध किक, आत धावलेले राखीव खेळाडू, वीस यार्डांवर नाचणारा बँड. एक गुडघा आणि एक पास सोडला, तर यातलं एकही कारण बर्कलीकडून आलेलं नाही. आणि यातलं एकही हरण्याच्या भीतीतून आलेलं नाही. काही जिंकल्याच्या आनंदातून आली, काही हातचा विजय जपण्यातून. विजय हातात आल्यावरच स्टॅनफर्डचा हात सैल झाला. बर्कलीकडे गमावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ते खेळत राहिले. स्टॅनफर्ड जिंकून मोकळा झाला होता; म्हणून हरला.

आणि त्यात तुम्हीही होतातच की. मिठी मारली होतीत ना?

सोमवार उजाडेपर्यंत तुम्हाला वाटतं, हे दुःख विझेल. विझत नाही, त्याला पाय फुटतात. बुधवारी, म्हणजे सामन्यानंतर चौथ्या दिवशी, बर्कलीच्या आवारात तिथल्या विद्यार्थ्यांच्या ‘डेली कॅलिफोर्नियन’चा जादा अंक वाटला जातो. ठळक मथळा: राष्ट्रीय क्रीडा संघटनेने निकाल फिरवला, सामना स्टॅनफर्डला बहाल. मुलं अंक हातात धरून जागच्या जागी थिजतात. काही पंचांना शिव्या घालतात, काहींचे डोळे भरून येतात. अंक बनावट आहे. स्टॅनफर्डच्या ‘स्टॅनफर्ड डेली’च्या मुलांनी रातोरात लिहून, सुमारे सात हजार प्रती छापून तो पहाटे नेऊन ठेवलाय. अर्ध्या दिवसापुरतं का होईना, त्यांनी बर्कलीच्या पोरांना हरवून दाखवलं.

आता फळीचं बघू. ती कुऱ्हाड बर्कलीच्या ताब्यात असते तेव्हा १९८२ च्या पुढे बर्कली २५, स्टॅनफर्ड २० असं लिहिलेलं असतं. स्टॅनफर्ड जिंकून कुऱ्हाड घरी नेतो तेव्हा पहिलं काम हे, की ते आकडे काढून तिथे स्टॅनफर्ड २०, बर्कली १९ लावायचे. पुढच्या वेळी बर्कली जिंकला की पुन्हा २५–२०. २०१० ते २०१८ या काळात स्टॅनफर्डने हा सामना सलग नऊ वेळा जिंकला. म्हणजे तितकी वर्षं, फळीपुरतं तरी, तुम्ही १९८२ चा सामना जिंकलेला होतात. दरवर्षी पोरं नवी यायची, त्यांतली कितीतरी त्या सामन्यानंतर जन्मलेली, आणि तरी त्यांना तो आकडा पाठ असायचा. बर्कलीवाल्यांना याचा संताप येतो. यावा. एखाद्या भूतकाळाचे दोन सातबारा असावेत आणि ताब्यात असेल त्याचा उतारा खरा धरावा, असा हा व्यवहार आहे, आणि दोन्ही विद्यापीठांनी तो चालवून घेतलाय.

पण हा हिशेब तेवढ्यावर मिटत नाही. यंत्राला आणखी एक फेरी मारू द्या. १७ नोव्हेंबर १९९०, तेच स्टेडियम, तोच चिमूटभर लाल पट्टा. बर्कली २५, स्टॅनफर्ड १८. बारा सेकंद उरले असताना स्टॅनफर्डचा टचडाउन, २५–२४. एक गुण घेऊन बरोबरी साधता येईल, पण प्रशिक्षक डेनिस ग्रीन बरोबरीला तयार नाहीत. ते दोन गुणांसाठी जातात. पास बर्कलीच्या हाती लागतो. संपलं. निळे प्रेक्षक कठडे ओलांडून मैदानात उतरतात, नाचतात, खांबांकडे धावतात.

बारा सेकंद बाकी असताना.

तुम्ही बघत राहा. पिवळा रुमाल. प्रेक्षकांच्या धुडगुसाबद्दल बर्कलीला पंधरा यार्डांचा दंड, म्हणून स्टॅनफर्डला किक मारायला मैदानाचा मध्य मिळतो. आखूड, उसळती किक आणि चेंडूवर स्टॅनफर्डचीच झडप. पुढच्याच डावात बर्कलीचा एक खेळाडू पास सुटून गेल्यावर क्वार्टरबॅकवर आदळतो, आणखी पंधरा यार्ड. जॉन हॉपकिन्स ३९ यार्डांवरून फील्ड गोल मारतो. घड्याळात शून्य. स्टॅनफर्ड २७, बर्कली २५.

फिटंफाट झाली म्हणाल? लाल पट्ट्यात तशी आरोळी उठतेच. पण तुमचं १९८२ जागच्या जागी आहे. तो गुडघा अजून तिथेच, टेकलेला आणि न टेकलेला. १९९० ने तो सामना परत मिळवून दिला नाही. त्याने फक्त एवढं दाखवलं, की आठ वर्षांपूर्वी आठ सेकंदांत तुमचं जे झालं, ते स्टॅनफर्डच्या कपाळावरचं काही नव्हतं. जिंकणाऱ्याला घड्याळ दिसत नाही, मग तो लाल असो की निळा. आज ते बर्कलीच्या पाऊण लाखांना दिसलं नाही, तेव्हा ते तुम्हाला दिसलं नव्हतं. समोरच्या निळ्या गर्दीत आत्ता कुणीतरी डोकं धरून बसलाय आणि स्वतःशीच म्हणतोय, मैदानात उतरलो नसतो तर. तो पुढची कितीतरी वर्षं या बारा सेकंदांच्या चकरा मारणार आहे. या गावात त्याच्याइतकं जवळचं तुम्हाला दुसरं कुणी नाही.

आता परत निघायची वेळ. शहाणी माणसं तुम्हाला सांगतील, की धडा घ्या. घड्याळात शून्य लागेपर्यंत जागचं हलू नका, हात वर करू नका, कुणाला मिठी मारू नका. प्रशिक्षकांनी हा धडा घ्यावा, खेळाडूंनी घ्यावा, बँडने तर जरूर घ्यावा. त्यांचं ते काम आहे. तुमचं नाही. स्टॅनफर्डच्याच तेरा यार्डांच्या रेषेवर चौथा डाउन आणि सतरा यार्ड हवेत असताना ज्याच्या पोटात खड्डा पडला होता, त्याने हार्मनची किक खांबांमधून गेल्यावर उभं राहून ओरडू नये, तर कधी ओरडावं? १९८२ च्या त्या बाकावर पुन्हा बसवलं, शेवट आधीच कानात सांगितला, तरी २०–१९ झाल्यावर म्हातारबाबांना मिठी मारायचीच. शून्य लागेपर्यंत ज्याला आनंद राखून ठेवता येतो अशा माणसाने स्टेडियमपर्यंत यावंच कशाला. त्याने दुसऱ्या दिवशी पेपरात निकाल वाचावा.